वाजतंय ना?

"सर, आवाज कसा येतो ते जरा करून दाखवता का?"

सकाळचे साडेनऊ, सर्व्हिस सेंटरचं काउंटर. माझ्या मागे पाच-सहा माणसं हातात किल्ल्या खुळखुळवत उभी. समोरचा सुपरवायझर पंचविशीतला, टॅबवर बोट धरून थांबलेला. जॉब कार्डावर त्याला काहीतरी लिहिणं भाग होतं, त्याचा काही दोष नव्हता. मी घसा साफ केला आणि ४६ वर्षांच्या, दोन पोरांच्या बापाने चारचौघांत करू नये ते केलं. "टक्," म्हणालो. "मग थोडं थांबून टक्-टक्. खड्डा आला की टकटकटक. पण तोंडाने बरोबर निघत नाहीये. मूळ आवाज जरा... प्लास्टिकचा आहे."

मागच्या रांगेतला एक जण हसला. बाकीचे हसले नाहीत. बहुधा तेही मनातल्या मनात आपापला आवाज घोकत असावेत.

मग चक्कर झाली. गाडी तो चालवत होता, मी शेजारी बसलो. त्याने मुद्दाम गतिरोधकावरून नेली, खोदलेल्या रस्त्यावरून नेली, एकदा जोरात ब्रेकही मारला. गाडी देवळात बसल्यासारखी गप्प. परत आल्यावर त्याने मान तिरकी करून ते वाक्य म्हटलं, जे मी पुढच्या सात महिन्यांत आणखी तीनदा ऐकणार होतो: "सर, नॉर्मल आहे."

गाडी कुठल्या कंपनीची ते सांगत नाही. त्याच कंपनीच्या दुसऱ्या गाडीने शेजारच्या इमारतीतल्या एका शिक्षिकेला आठ वर्षांत पंक्चरपलीकडे काही दाखवलेलं नाही, त्यामुळे माझ्या नशिबाचं बिल कंपनीच्या नावावर फाडण्यात अर्थ नाही. छोटी गाडी, एक लिटरचं इंजिन, तीन सिलिंडर, २०१६ साली कर्ज काढून घेतलेली, एवढं पुरे.

खरं तर गाडीच्या आवाजाची तक्रार मराठी माणसाला सगळ्यांत सोपी जायला हवी. आपल्याकडे शब्दांची काय कमी आहे? लिंक रॉड सैल झाली की खडखड. बुश सुकलं की कुरकुर. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर एक्सेलच्या जॉइंटमधून येते ती कटकट. रबराचं बूट फाटून आतलं ग्रीस निघून गेलेलं असतं आणि तिथे धूळ शिरलेली असते. पट्टा घसरला की चीं. सायलेन्सरवरचा पत्रा सुटला की एका ठरावीक वेगाला झर्र, आणि वेग जरा वाढवला की शांत, जणू ओरडा खाल्ला. पण या शब्दांकडे नीट पाहिलं तर एक गंमत दिसते. कुरकुर, कटकट, किरकिर, भुणभुण हे सगळे शब्द आपण माणसांनाही लावतो. यंत्राचा आवाज आणि माणसाची तक्रार आपल्या भाषेने एकाच डब्यात ठेवली आहे. कारखान्याला घरघर लागते, म्हाताऱ्यालाही लागते. त्यामुळे "गाडी फार कुरकुरते" असं मी घरी म्हटलं की बायको वर न बघता विचारते, "गाडी?"

माझे वडील, अण्णा, एसटीच्या कराड आगारात मेकॅनिक होते. त्यांच्यासारखं ऐकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर घ्यायचे, टोक चालू इंजिनावर टेकवायचे आणि लाकडी मूठ कानापुढच्या हाडाला लावायचे. डॉक्टरांच्या नळीचं काम तो पाना-पकडीतला स्क्रू ड्रायव्हर करायचा. मी सातवी-आठवीत असताना सुट्टीत त्यांच्याबरोबर गेलो की मलाही ऐकवायचे. मला नुसता दणदणाट ऐकू यायचा. त्यांना त्यात सहा वेगवेगळी माणसं बोलताना ऐकू यायची. "हा दोन नंबर. हा तीन. आता चार ऐक, कसा घसा बसल्यासारखा येतोय."

आणि खात्री करायची त्यांची रीत याच्या उलटी होती. डिझेल इंजिनाच्या इंजेक्टरला जाणाऱ्या नळीचा नट एकेक करून जरा सैल करायचा. चांगल्या सिलिंडरचा नट सोडला की तो सिलिंडर बंद पडतो आणि इंजिन लगेच लंगडं चालायला लागतं, आवाज बदलतो. ज्याचा नट सोडूनही आवाजात काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच मेलेला. म्हणजे दोष सापडायचा तो आवाजावरून नव्हे, आवाज न बदलण्यावरून. हे मला तेव्हा कळलं होतं. उपयोगी पडलं ते तीस वर्षांनी, आणि तेही दुसऱ्याने आठवण करून दिल्यावर.

अण्णांनी छोट्या गाडीचं नवल पहिल्यांदा पाहिलं ते मारुतीचं. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली गेली. किंमत साडेसत्तेचाळीस हजारांच्या आसपास, इंजिन ७९६ सीसीचं, सिलिंडर तीन. कराडात ती यायला अर्थात वेळ लागला. तिथल्या एका डॉक्टरांनी घेतली तेव्हा त्यांचा ड्रायव्हर आयुष्यभर फियाटवर हात बसलेला. इंजिन सुरू झालंय हे त्याला कळायचंच नाही. सुरू असलेल्या इंजिनावर तो पुन्हा सेल्फ मारायचा आणि दात घासल्यासारखा कर्र आवाज यायचा. अण्णा ही गोष्ट सांगताना दर वेळी नव्याने हसतात. आज तीच मारुती कुणी चालवली तर म्हणेल, काय हा गोंगाट!

कानाला सवय लागते ती शांततेची, आणि शांतता वाढत गेली की जुनेच आवाज नव्याने ऐकू यायला लागतात. पूर्वी इंजिनच एवढं बोलायचं की डॅशबोर्डला तोंड उघडायची सोय नव्हती. आमच्या सोसायटीत एकाने विजेवरची छोटी गाडी घेतली. पहिल्याच आठवड्यात तो पार्किंगमध्ये हताश उभा. "इंजिन नाहीये ना," म्हणाला, "त्यामुळे हातमोज्यांच्या कप्प्यातली चावीसुद्धा ऐकू येते."

छोट्या गाडीच्या नशिबी आवाज जास्त असतात यात रहस्य काही नाही. पत्रा पातळ, आवाज शोषणारं अस्तर कमी, प्लास्टिक कडक. वजन आणि किंमत कमी ठेवायची तर या गोष्टींतूनच वाचवावं लागतं. त्यात प्लास्टिकचा एक भाग दुसऱ्यावर घासतो तेव्हा तो सरळ सरकत नाही. क्षणभर धरतो, सुटतो, पुन्हा धरतो. सारंगीचा गज तारेवर नेमकं हेच करतो. फरक इतकाच, की सारंगिया ते ठरवून करतो.

तीन सिलिंडरांचं तर गणितच वेगळं. चार फटक्यांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. चार सिलिंडर असले तर दर १८० अंशांना एक ठोका, तीन असले तर दर २४० अंशांना. सिग्नलला उभी असताना इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर तीन सिलिंडरांचे सेकंदाला वीस ठोके होतात. आणि माणसाचा कान साधारण वीसपासूनच ऐकायला लागतो. म्हणजे हा आवाज ऐकण्याच्या अगदी उंबरठ्यावरचा; कानापेक्षा तो स्टिअरिंग धरलेल्या तळव्यांना, सीटला टेकलेल्या पाठीला आधी कळतो. गाडी घेतली त्या वर्षी अण्णांना बसवून आणलं, तेव्हा ते सिग्नलवर दाराच्या पट्टीवर हात ठेवून म्हणाले, "एक सिलिंडर कमी आहे हिला." मी म्हटलं, कमी नाही, तीनच आहेत. "तेच म्हणतोय," अण्णा म्हणाले.

रविवारी सकाळी आमच्या पार्किंगमध्ये गाड्या धुवायच्या निमित्ताने एक सभा भरते. तिचे अध्यक्ष बी विंगमधले निवृत्त बँक अधिकारी. त्यांची २००९ ची गाडी आहे आणि तिच्या आवाजांची वही आहे. तारीख, किलोमीटर, वेग, हवा, आवाजाचं वर्णन, केलेला उपाय. एक नोंद त्यांनी मला अभिमानाने दाखवली: जानेवारी, सकाळी सात, ताशी ६२, डॅशबोर्डच्या उजव्या कोपऱ्यात 'दाणे भाजल्यासारखा'. ऊन चढल्यावर बंद. थंडीत प्लास्टिक आकसतं, फटी उघडतात, हे त्यांचं निदान बरोबरच होतं. उपाय म्हणून त्यांनी कॅरमच्या सोंगट्यांच्या पेटीत असतं तसं हिरवं फेल्ट कापून सगळ्या फटींत भरलं. आता त्यांच्या गाडीत बसलं की जुन्या रेडिओच्या खोक्यात बसल्यासारखं वाटतं. सगळं मऊ.

दुसऱ्या टोकाला एक टॅक्सीवाले. सीएनजीवरची छोटी गाडी, तीन लाख किलोमीटर पार. तिची दारं, खिडक्या, सीट, सगळं वाजतं. आत बसलं की एसटीच्या शेवटच्या बाकावरची आठवण येते. मी त्यांना एकदा विचारलं, तुम्हाला त्रास नाही होत? ते म्हणाले, "साहेब, आवाज आला की खर्च आला. पण आवाज न करता आला ना, तो मोठा खर्च." मला ते तेव्हा धंद्यातलं बोलणं वाटलं.

जुन्या इंडिकांचा विषय या सभेत निघतोच, कारण ती पुण्याचीच पोर. १९९८ च्या शेवटी बाजारात आली, सुरुवातीच्या गाड्यांबद्दल तक्रारींचा पाऊस पडला, कंपनीने दुरुस्त्या करून २००१ मध्ये व्ही-टू आणली आणि मग तिने रस्ते व्यापले. बँकवाले काका म्हणतात, ग्राहकांनी कुरकुर केली म्हणून गाडी सुधारली. टॅक्सीवाले म्हणतात, डिझेल परवडलं म्हणून खपली. मला दोघांचंही पटतं. अशा सभेत त्याला बावळटपणा म्हणतात.

माझी टकटक मात्र चालूच होती. डाव्या बाजूने, खांद्याच्या जरा मागून. मी जॅक काढून ठेवला, टूलकिट चादरीत गुंडाळलं, स्टेपनी आवळली, मागच्या सीटचा कुलूपकाटा चिकटपट्टीने बांधला. दाराच्या कप्प्यातून सव्वीस रुपयांची चिल्लर, आवळा सुपारीची दोन पाकिटं आणि धाकट्याची हरवलेली गोटी निघाली. टक्-टक् जागच्या जागी. सकाळी वेताळ टेकडीवर फिरायला जातो, तिथे एआरएआयच्या कुंपणाच्या कडेने रस्ता आहे. ही संस्था १९६६ पासून आहे, गाड्यांच्या चाचण्या तिथे होतात, आवाज आणि हादरे मोजायची तिची प्रयोगशाळाही आहे. भिंतींवरून आवाज परत येऊ नये अशा खोल्यांत गाड्या उभ्या करून, मायक्रोफोन लावून तिथली माणसं ऐकतात. एका पहाटे कुंपणापलीकडे मोर ओरडत होता आणि मी मनात म्हणालो, आत जाऊन सांगावं का, अहो, एक टकटक आहे, घेता का ऐकून?

खूण खरं तर पहिल्या दिवसापासून समोर होती. बायको बरोबर असली की आवाज येत नसे. "मला तर कधीच ऐकू आला नाही," हे ती म्हणायची तेव्हा मी ते तिच्या एकूण स्वभावाच्या खात्यावर टाकत असे. सुपरवायझरबरोबर चक्कर मारली तेव्हा शेजारी मी होतो. मेकॅनिक आला तेव्हाही शेजारची सीट भरलेली. आवाज फक्त मी एकटा असताना. असल्या गोष्टी माणूस कुणाला सांगत नाही. मी रात्री एकदा 'कानात टकटक' हाही शोध घेऊन पाहिला.

शेवटी सापडला तो माझ्या हुशारीने नव्हे. थोरली कॉलेजला जाताना पुढे बसायला आली, बेल्ट ओढला, मग काहीतरी विसरलं म्हणून सोडून उतरली. बेल्ट सरसर वर गेला, त्याचं धातूचं जिभाळ खांबाच्या प्लास्टिकवर आपटलं. टक्. मी बसल्या जागी ते बोटाने हलवलं. टक्-टक्. सात महिने, चार जॉब कार्डं, आणि आवाज कसला, तर कुणी न वापरलेल्या सीटबेल्टचा. शेजारी माणूस बसला की तो बेल्ट लावणार, बेल्ट लावला की जीभ खोबणीत, आवाज बंद. सुपरवायझर बरोबरच म्हणत होता. नॉर्मल होतं.

आता एकटा असलो तरी मी तो बेल्ट खोबणीत अडकवून ठेवतो. रिकाम्या सीटला बेल्ट बांधलेला पाहून सिग्नलवरचे लोक बघतात.

पण या सात महिन्यांत एक गोष्ट झाली होती. त्या टकटकीत कान इतके गुंतले होते, की दुसरा एक आवाज हळूहळू मोठा होत गेला तो मला कळलाच नाही. जे एकदम येतं ते ऐकू येतं. रोज चिमूटभर वाढणाऱ्याचं घर उन्हात. तो कळला खंबाटकीत. साताऱ्याकडे जाताना घाट चढावा लागतो, पण पुण्याकडे परतताना बोगदा आहे. मिस्त्री लोक आवाज पकडायला गाडी भिंतीलगत काचा खाली करून चालवतात, म्हणजे चाकांचा आवाज भिंतीवरून परत कानात येतो. बोगद्याला तर दोन्हीकडे भिंती. काच खाली होती आणि एकदम घूं असा विमानासारखा सूर आला. क्लच दाबला तरी तसाच. म्हणजे इंजिन नव्हे, चाक. बोगद्यातून बाहेर पडलं की उतारावर ते कुप्रसिद्ध एस वळण. त्या वळणावर लक्ष रस्त्यावर आणि ट्रकांवर असावं, बेरिंगवर नसावं, हे मान्य करून सांगतो: एका वळणात सूर चढला, उलट्या वळणात विरला. गाडी डावीकडे वळते तेव्हा वजन उजव्या चाकांवर येतं. डाव्या वळणात चढला, म्हणून उजवं. पुढचं उजवं बेरिंग. घरी येऊन अण्णांना फोन केला तर ते इतके खूश झाले, की बेरिंग गेल्याचं दुःख मला एकट्यालाच करावं लागलं. "वाजतंय ना? मग काही नाही," म्हणाले. "वाजतंय तोवर चालतंय."

बेरिंग बदललं. गाडी इतकी शांत झाली की मी काही दिवस सुखात होतो. आणि त्याच सुखात ती शिरवळला बंद पडली.

चहाला थांबलो होतो. परत येऊन सेल्फ मारला. इंजिन झकास फिरत होतं, पण पकडत नव्हतं. बॅटरी ठणठणीत, दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत. खडखड नाही, कुरकुर नाही, वास नाही, धूर नाही. इतक्या वर्षांत हिने शंभर आवाज काढले आणि एकदाही रस्त्यात सोडलं नाही. आज एकही आवाज न करता सोडलं. टपरीवाल्याने कुणाला तरी फोन लावला. मोटारसायकलवरून एक मिस्त्री आला, खांद्याला पोस्टमनसारखी पिशवी. बॉनेट त्याने उघडलंच नाही. मला म्हणाला, "चावी टाका. सेल्फ मारू नका, नुसती चावी. काही ऐकू आलं?"

"नाही."

"मागनं, सीटखालनं काही आलं?"

"नाही. कधीच येत नाही."

त्याने माझ्याकडे जरा दयेने पाहिलं. "येतो हो. रोज येतो."

पेट्रोलच्या टाकीत बुडलेला एक विजेचा पंप असतो, मागच्या सीटखाली. चावी फिरवली की तो आधी दोन सेकंद चालतो, नळीत दाब भरतो आणि मग थांबतो. ज्ज्ज, एवढाच सूर. आठ वर्षं मी तो रोज ऐकत आलो होतो आणि मला त्याचा पत्ता नव्हता. तो नसल्याचाही पत्ता नव्हता. मला इंजेक्टरचा सैल केलेला नट आठवला आणि कराडच्या आगारातला तो ऑइलचा वास.

"टाकी अर्धी तरी ठेवता का?" मिस्त्रीने विचारलं. मी पाचशेचं टाकणारा माणूस. पंपाला थंडावा पेट्रोलचाच असतो, हे त्याने मला सांगितलं, पण अपमान न करता. मग सीट उचलली, मला चावी टाकायला लावली आणि टाकीवर मुठीने दोन-तीन बुक्क्या घातल्या. ज्ज्ज. असला गोड आवाज मी सवाई गंधर्वच्या मांडवातही ऐकलेला नाही. "आता साताऱ्यापर्यंत बंद करू नका," तो म्हणाला. आणेवाडीच्या टोलनाक्यावर रांगेत उभं असताना मी श्वाससुद्धा बेताने घेत होतो.

साताऱ्यात पंप बदलला. बिलाचा आकडा टॅक्सीवाल्यांना सांगितला, तेव्हा त्यांनी नुसती मान डोलावली.

त्या दिवाळीत अण्णांना उंब्रजहून घेऊन येताना ते म्हणाले, पुढे पाय आखडतात, मागे बसतो. त्यांचे कान आता गेलेत. आगारातल्या गोंगाटाने काही आणि वयाने काही. उंच सूर आधी जातात, तसे गेले. कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, ट्रकचा भोंगा येतो. पंपाची गोष्ट मी त्यांना फोनवर तीनदा सांगितली होती, दर वेळी ती त्यांनी पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकली होती. मी चावी घातली आणि सवयीने सेल्फवर जाणार, तेवढ्यात मागून आवाज आला, "थांब."

आरशात पाहिलं. अण्णांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला होता. उजवा तळवा शेजारच्या सीटवर उपडा, दाबून ठेवलेला. डोळे मिटलेले.

"चावी काढ. हां. आता परत टाक."

मी टाकली.

"आला," अण्णा म्हणाले. "मार आता सेल्फ."